पाच रुपयांची वजडी

दिवाळी अंक उघडला की चकलीचा, अनारशांचा आणि चिरोट्यांचा वास यावा अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. परंतु सगळ्यांच्याच आठवणी काही साजूक तुपात तळलेल्या नसतात. आज मी ज्या जिनसांविषयी लिहिणार आहे, त्यांची नावे वाचून काही भगिनी नाकाला पदर लावतील आणि काही वाचक, विशेषतः आमच्या वऱ्हाडातले, हळूच खुर्ची पुढे ओढून बसतील. दोघांचीही आधीच क्षमा मागतो आणि आरंभ करतो.

निमित्त घडले ते गेल्या आखाडात. माझी माय न्हाणीघरात घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. वय बहात्तर. हात प्लॅस्टरमध्ये घालून ती पलंगावर बसली आणि समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या यवतमाळात समाचाराला येणारा माणूस रिकाम्या हाताने येईल, पण सल्ल्यावाचून येणार नाही. या खेपेस आश्चर्य असे की, सगळ्यांचा सल्ला एकच होता: "पायाचा रस्सा पाजा." डॉक्टरांना विचारले तेव्हा ते हसले. म्हणाले, "हाड आपल्या वेळेने जुळते, रश्शाने काही जादू होत नाही. पण आजींना आवडत असेल तर अवश्य द्या. पोटभर जेवल्या तर बरेच आहे."

मायला आवडते, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मी बाजारात गेलो. लहानपणी ज्या दुकानात जात असे तेच दुकान. तेव्हा तेथे चाचा बसत. आता त्यांचा नातू बसतो. त्याने मोबाईलवरून मान वर न करताच सांगितले, "सर, पाये तो बुक हैं. हॉटेलवालों का पूरे हफ्ते का ऑर्डर रहता है."

"बरे, वजडी?"

"वजडी भी."

"मुंडी तरी?"

"अगले इतवार का बोलो, तो रख दूँगा."

मी पुढच्या रविवारचे चार पाये सांगून ठेवले आणि भाव विचारला. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा विचारला. त्याने जो आकडा सांगितला, तेवढी माझ्या बाबांची एकेकाळी आठवड्याची मजुरी होती.

घरी परतताना वाटेत एका नव्या हॉटेलचा फलक दिसला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'वजडी फ्राय', 'पाया सूप', 'मुंडी रस्सा' अशी नावे रंगविली होती, आणि बाहेर मोटारी उभ्या होत्या. मी क्षणभर तेथेच थांबलो. ज्या वस्तूचे नाव चारचौघांत घ्यायला मी लहानपणी लाजत होतो, ती वस्तू आता फलकावर चढली होती!

माझे बाबा जिनात कामाला होते. यवतमाळ जिल्हा म्हणजे कापसाचा मुलूख, आणि जिन म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याचा कारखाना. हे काम बारमाही नसते. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या यायला लागल्या की जिनाचा पट्टा फिरू लागे, आणि होळीनंतर कधीतरी तो मंदावत मंदावत थांबे. आमच्या घरचे पंचांग त्या पट्ट्यावर चाले. पट्टा फिरत असला की महिन्यातून एखाद्या रविवारी अर्धा किलो मटण येई. पट्टा थांबला की मटण थांबे. पण रविवार काही थांबत नसे. मग माय मला हाक मारी, अॅल्युमिनियमचा कडीचा डबा हाती देई आणि पदराच्या गाठीतून पाच रुपयांची नोट सोडवून म्हणे, "जाय, चाचाजवळून वजडी घेऊन ये. साजरी पाहून आन."

हे सारे १९९० च्या मागच्या-पुढच्या काळातले. पाच रुपयांत अख्खी वजडी येई. म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोकडाचे जिवंत वजन धरले, तर त्याचे साधारण निम्मे काय ते मटण म्हणून तराजूत पडते. उरलेले निम्मे म्हणजे कातडे, मुंडी, चार पाये, पोटातले कोठे व आतडी, कलेजी, गुर्दे, तिल्ली, फोफसे आणि रक्त. कातडे व्यापारी नेई. कलेजीला गिऱ्हाईक असे. बाकीचे संध्याकाळपर्यंत खपले नाही तर खाटकालाच त्याची अडचण, कारण तेव्हा दुकानात बर्फाची पेटी नव्हती. ही अडचण हेच आमचे नशीब. कोठ्याला आणि आतड्यांना मिळून वजडी म्हणत. ती घरी आली की मायचा अर्धा दिवस तिच्यामागे जाई. आधी चार पाण्यांतून धुणे, मग चुन्याच्या कढत पाण्यात बुडवून ठेवणे, मग पाट्यावर पसरून सुरीच्या बोथट कडेने खरवडणे. वरचा काळा थर निघून जाई आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी पांढरीशुभ्र जाळी वर येई. आम्ही मुले ती पाहायला भोवती बसत असू. मग चुलीवर खोबरे, कांदा आणि शेंगदाणे भाजले जात, पाट्यावर वाटण होई आणि दोन-तीन तास ते पातेले मंद आचेवर रटरटत राही. वरून ज्वारीची गरम भाकर.

पुढे वाचनात आले की या मागे साधे शास्त्र आहे. जनावराचे जे अवयव सतत राबतात, म्हणजे पाय, मान, जबडा, त्यांत चिवट तंतू फार असतात. घाईने शिजवले तर ते चामड्यासारखे लागतात. पण ओलसर आणि मंद उष्णता तासन्तास मिळाली की तोच चिवटपणा विरघळतो आणि रश्शाला तो दाटपणा येतो, ज्यामुळे रात्रीचा पायाचा रस्सा सकाळी थिजून थरथरत असतो. म्हणजे या स्वस्त मांसाला दोन गोष्टी भरपूर लागत: जळण आणि वेळ. जळण आम्ही वेचून आणत असू. वेळ मायचा होता. पाच रुपयांची वजडी पाच रुपयांची कधीच नव्हती. बाकीची किंमत माय भरत होती, आणि ती कुणाच्याही हिशेबात धरलेली नव्हती, हे मला आज कळते.

मुंडीचा दिवस म्हणजे तर सणच. माय ती विस्तवावर भाजून, खरवडून घेई. तिच्यातला भेजा सर्वांत धाकट्याला मिळे, कारण त्याने शाळेत हुशार व्हावे. जीभ मात्र मला कधी मिळाली नाही. "ह्याची जीभ आधीच लय लांब हाय," असे बाबा म्हणत. आज त्याच जिभेवर मी महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरतो, हा भाग वेगळा. नळीतला गर काढण्यासाठी ताटाच्या काठावर ती ठोकण्याचा आवाज आमच्या चाळीत एका घरातून दुसऱ्या घरात ऐकू जाई, आणि आज कोणाकडे काय आहे ते सर्वांना समजे. रक्त थिजवून, कांद्यावर परतून त्याची रक्ती होई. माझा एक मित्र दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचा होता. त्याच्याकडे रक्त आणि आतल्या अवयवांची मिळून सळोई करीत. ती करण्यात तांड्यावरची वडीलधारी माणसे स्वतः पुढे असत, आणि पाहुण्याला ती वाढणे हा मान समजला जाई. तेथे मी पहिल्यांदा पाहिले की, आम्ही जे घरात दार लोटून खात होतो, ते कुणी उघड्यावर, अभिमानाने खाऊ शकते!

आणखी एक ठिकाण होते जेथे लाजेला जागा नव्हती. माझे आजोळ दारव्ह्याजवळ. पोळ्याच्या करीला आम्ही शकुंतला गाडीने तिकडे जात असू. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ही चिमुकली गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आता तीही बंद पडली आहे. करीच्या सकाळी गावातली आठ-दहा घरे मिळून एक बोकड घेत. पळसाची पाने जमिनीवर ओळीने मांडली जात आणि त्यांवर हिस्से पाडले जात. प्रत्येक पानावर थोडे मांस, थोडी चरबी, एक हाड, कलेजीचा तुकडा, वजडीची पट्टी. जो वाटणी करी त्याने आपले पान सर्वांत शेवटी उचलावयाचे, असा दंडक होता. त्यामुळे पाने इतकी सारखी पडत की, सोनाराने पाहत राहावे. त्या पानावर उंची आणि हलके असा भेदच नव्हता. बोकड अख्खा होता आणि तो सर्वांचा होता. भेद निर्माण होतो तो दुकानात, तराजूपाशी.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी लिहायला बसलो, आणि जी टाळत टाळत येथवर आलो, ती सांगतो.

मी तेव्हा सातवीत होतो. एका रविवारी चाचांच्या दुकानापुढे डबा घेऊन उभा असताना माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर तेथे आला. त्याचे वडील सरकारी कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होते. त्यांनी मांडीचे एक किलो मटण मागितले. चाचा ते कापू लागले तेवढ्यात मुलाने माझ्या डब्यात डोकावून पाहिले आणि विचारले, "हे काय रे? हे कोण खातं?"

माझ्या तोंडून एका क्षणात उत्तर गेले, "कुत्र्यासाठी आहे."

"तुमच्याकडे कुत्रा आहे?" त्याचे डोळे चमकले.

"आहे. मोठा आहे," मी म्हणालो. एकदा खोटे बोलायचेच तर लहान कुत्रा तरी कशाला?

चाचांची सुरी थांबली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. ते लोक निघून जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी कलेजीचा एक तुकडा कागदात गुंडाळून माझ्या डब्यात वर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ये कुत्ते के लिए नहीं है, बेटा. ये तेरे लिए."

घरी मायने डबा उघडला आणि विचारले, "कलेजी कशी काय देली?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." दुसरे खोटे.

प्रकरण तेथेच मिटले असते. पण आठेक दिवसांनी संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर तोच मुलगा उभा. त्याच्या हातात शिळ्या पोळ्यांची पुरचुंडी. मी आतल्या खोलीत होतो. दारात माय गेली.

"काकू, कुत्रा पाहायला आलो. त्याच्यासाठी आईनं पोळ्या दिल्यात."

"कुत्रा?" माय म्हणाली.

"तुमचा. तो वजडी खातो ना, तो."

वाचकहो, आमचे घर दीड खोलीचे. मधला पडदा लुगड्याचा. त्या पडद्याआड मी जो उभा होतो, तो अजून कधीकधी तेथेच उभा असतो. मायने मागे वळून पडद्याकडे पाहिले असावे, कारण क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तिचा नेहमीचा, शांत आवाज आला: "गेला असन कुठं उंडारायले. त्याचा काय नेम हाय का? जेवाले मातर बरोबर येते." तिने पोळ्यांची पुरचुंडी ठेवून घेतली, त्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि त्याला वाटेला लावले.

मला वाटले, आता मार बसणार. मार बसला नाही. रात्री सगळी ताटे वाढून झाली तरी मी कोपऱ्यातच होतो. माय माझे ताट घेऊन आली, समोर ठेवले आणि एवढेच म्हणाली, "आला का जेवाले? बस."

बाबांना तिने कधी काही सांगितले नाही. मलाही पुन्हा बोलली नाही. पण त्यानंतर वजडी आणायला ती स्वतः जाऊ लागली.

आमच्या घरात एक जुना पत्र्याचा डबा होता. निमुळता, चौकोनी, कडा ठोकून गुळगुळीत केलेल्या. त्यावरचा रंग केव्हाच गेला होता. ज्वारी मोजायचे ते आमचे माप. हा डबा आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पलटणीतून आणला होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यानंतर वर्षभराने आबाजी तीत भरती झाले. तो डबा मुळात मांसाचा. त्यात बकरा होता, मेंढा होता, की आणखी काही, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आजीने कधी विचारले नाही.

डब्यात अन्न टिकविण्याची विद्या फौजेसाठीच जन्मली. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या आचाऱ्याने हवाबंद बाटल्यांत अन्न उकळून टिकविण्याची रीत शोधली; १८१० मध्ये सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे बक्षीस दिले, आणि त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. मौज अशी की, डबा आधी आला आणि तो उघडण्याचे हत्यार यायला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लागली. तोवर शिपाई छिन्नी-हातोड्याने डबा फोडीत! पुढे अमेरिकेत १९३७ साली 'स्पॅम' नावाचा डुकराच्या मांसाचा डबा निघाला. दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कोरियाच्या युद्धात तो फौजेबरोबर जगभर गेला. युद्धाने उपासमार झालेल्या कोरियन माणसांनी छावणीतून मिळालेले ते मांस आपल्या तिखट रश्शात घातले. आज दक्षिण कोरियात शरद ऋतूतल्या चुसोक सणाला, आपण मिठाईची पेटी द्यावी तसे, या डब्यांचे सजविलेले संच भेट देतात. उपासमारीची वस्तू सणाची भेट झाली. रोममध्येही असेच घडले. तेथल्या टेस्टाच्चो भागातील कत्तलखान्याचे मजूर वजडी, शेपटी असल्या टाकाऊ समजल्या जाणाऱ्या मांसावर घर चालवीत. आज तेच पदार्थ चाखायला परदेशी प्रवासी तेथे रांगा लावतात.

परंतु अन्नाला लाज कोठून चिकटते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला आपल्याच माणसांत सापडले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूट या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करीपर्यंत हा वेढा चालला. त्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. पण कितीतरी हिंदी शिपाई उपाशी राहिले, आजारी पडले, तरी बरेच दिवस त्याला शिवले नाहीत. गावी परत गेल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती शत्रूच्या तोफांहून मोठी होती. दारातल्या मुलाला 'कुत्र्यासाठी' म्हणून सांगणारा सातवीतला पोरगा काही निराळा नव्हता.

आबाजींना मात्र त्या डब्याची लाज नव्हती. उलट मोठा अभिमान होता. म्हातारपणी ते तो हाती घेऊन म्हणत, "पलटनीत जे भेटे ते मोजून भेटे. सगळ्यायले सारखं. कोनाचं फेकलेलं नोहतं ते." या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. त्यासाठी आजीकडे जावे लागले.

एम. ए. ला असताना मी दया पवारांचे 'बलुतं' वाचले. १९७८ साली ते प्रसिद्ध झाले आणि मराठी मध्यमवर्गाला आपल्याच गावकुसाबाहेरचे जग प्रथम दिसले. ते वाचून मी उत्साहाने आजीपाशी गेलो. पूर्वी गावात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम आमच्या माणसांवर लादलेले होते आणि त्याचे मांस हाच त्याचा मोबदला होता; जास्तीचे मांस पट्ट्या कापून वैशाखाच्या उन्हात दोरीवर वाळवीत आणि पावसाळ्यासाठी मडक्यात भरून ठेवीत. त्यांना चान्या म्हणत. आमच्याकडचे ऊन म्हणजे पारा पंचेचाळीसला टेकतो असे. आपेरने जे बाटलीत साधले ते इथल्या बायांनी उन्हात साधले होते. हे सारे माझ्या डोक्यात घोळत होते. मी विचारले, "आजी, चान्यांची चव कशी असे?"

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चव पाहाले पोटात काई असाव लागते, बाबू. आमी चव नाई पाह्यली."

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा आजी पाळण्यात होती. ते सर्व गावांत एका दिवसात पोहोचले नाही. पोट आडवे येत होते. आजीच्या घरची दोरी उतरली ती १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, नागपूरची दीक्षा घेऊन ती आणि आबाजी परतल्यावर. घरातले ते मडके तिने स्वतः नेऊन फोडले. जे तिने हिमतीने सोडले, त्याची चव मी वहीत टिपून घ्यायला बसलो होतो! त्या दिवशी मी वही मिटली.

म्हणून आज जेव्हा मी 'जुन्या चवी', 'हरवलेले पदार्थ' अशी गोड शीर्षके वाचतो, तेव्हा थोडा थबकतो. आठवण काढायची असेल तर पुरती काढावी. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले आणि मराठी स्वयंपाकघराला मोठे धन दिले; पण माझ्या आजीच्या आणि मायच्या पाकक्रिया कुठल्याही हजारात नव्हत्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने २०१५ साली ती उणीव भरून काढण्यास सुरुवात केली. योगायोग असा की, त्याच वर्षी राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला आणखी एक स्वस्त जिन्नस उठला. कायद्याच्या बाजू काहीही असोत, ताटाचा हिशेब असा आहे. एकीकडे जे होते ते मिळत नाही; दुसरीकडे जे फेकले जाई ते हॉटेलवाला आगाऊ पैसे देऊन नेतो. जिनातल्या आजच्या मजुराने रविवारी डबा कोठे पाठवावा, हा प्रश्न मला त्या फलकापुढे पडला होता. उत्तर अजून सापडलेले नाही.

त्या हॉटेलात खाणाऱ्यांना मी दोष देत नाही. वजडी चांगली लागते, ती कुणालाही लागावी. फलकावर नाव आल्याने एखाद्या पोराची लाज कमी होणार असेल तर तो फलक मला दुप्पट मोठा चालेल. फक्त त्या नावामागे कुणाच्या तरी मायची बोथट सुरी अर्धा दिवस चालली होती, एवढे लक्षात असावे.

पुढच्या रविवारी पाये मिळाले. सौभाग्यवतींनी आणि मी मिळून ते भाजले, खरवडले. तिचे माहेर शाकाहारी. पण सासूच्या मनगटापुढे तिने माहेर बाजूला ठेवले. माय पलंगावरून सूचना देत होती: "आच कमी करा." "आत्ताच मीठ नोका टाकू." तीन तासांनी रस्सा झाला. डावा हात तिला सरावाचा नव्हता म्हणून मी वाटी धरली आणि चमच्याने पाजू लागलो. तिने डोळे मिटून दोन घोट घेतले. मग अचानक विचारले, "केवढ्याले पडले?"

खरा आकडा सांगितला असता तर तिने पुढचा घोट घेतला नसता. मी म्हणालो, "पन्नास रुपयांत दिले चौघेही."

मायने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले. तिच्या सुरकुतलेल्या ओठांच्या कडेला हसू आले, आणि पस्तीस वर्षांत जे ती एकदाही बोलली नव्हती ते बोलली.

"पन्नासात? येवढ्या सस्त्यात कसे देले बाप्पा? कुत्र्यासाठी पाह्यजेत म्हन्लं का काय?"

माझ्या हातातली वाटी हलली आणि थोडा रस्सा चादरीवर सांडला.

"सांडू नोको," माय म्हणाली. "म्हाग हाय तो. मले ठाव हाय."